गुडघे टेकता येत नाहीत तेव्हा

(मिरज येथे मंडळीच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज वस्तीवरच्या कामाबद्दल बोलायला सांगितले आहे. ते मी बोलणारच आहे, पण जरा आडवाटेने. मागे एकदा उपासना संपल्यावर एका मावशींनी मला बाजूला घेतले आणि विचारले, "सगळी मंडळी प्रार्थनेला गुडघे टेकते, तू एकटी खुर्चीत बसून राहतेस. डोंगर चढून कातकऱ्यांच्या वस्तीवर जातेस ते चालते, मग देवापुढेच गुडघे का दुखतात गं?" मावशींनी रागाने नाही, काळजीने विचारले होते. मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देते. हे उत्तर माझ्यापुरते असते तर दिले नसते. पण वस्तीवरच्या एका बाईला माझ्या अर्धवट ज्ञानाची किंमत मोजावी लागली, म्हणून बोलले पाहिजे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी मला कुलपात किल्ली फिरवता येईना. आधी वाटले कुलूप गंजले. मग दात घासायचा ब्रश धरवेना, ओले कपडे पिळवेनात. बोटांची मधली पेरे सुजून अंजिरासारखी झालेली, दोन्ही हातांची सारखीच. सकाळी उठल्यावर तास-दीड तास अंग आखडलेले, दुपारी जरा सुटायचे. मी सदतीस वर्षांची होते. सगळे म्हणाले, वय होतंय, वात आहे. तीन महिने मी लेप लावण्यात घालवले. मग रक्त तपासले, आणि डॉक्टरांनी सांगितले, हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. झिजेची सांधेदुखी वेगळी, हा वेगळा.

हा आजार ऑटोइम्यून म्हणतात त्या जातीचा. सोप्या भाषेत सांगायचे तर शेताच्या राखणीला कुत्रा ठेवावा आणि त्याने चोर सोडून घरच्यांनाच धरावे. शरीराची राखण करणारी जी शक्ती जंतूंवर जायला हवी, ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पटींनी जास्त होतो. पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो. माझी मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. ठरावीक दिवसांनी रक्त तपासून घ्यावे लागते. हे सगळे मी शिकले. पण व्यायामाचे काय, हे मला कोणी नीट सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

सांगणारे मात्र पुष्कळ होते, आणि दोन टोकांचे. घरच्या मोठ्या बायका म्हणाल्या, आता अजिबात हलू नकोस, पडून राहा. त्यांचेही चूक नाही. एके काळी डॉक्टरसुद्धा हेच सांगत. सुजलेल्या सांध्यांच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवायचे, सांध्यांना फळ्या बांधायच्या. दुसरे टोक माझ्या भावाचे. तुम्हाला सातारा-सांगली माहीतच आहे. आमच्याकडे व्यायाम म्हणजे तालीम. हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. पहाटे कुठल्याही रस्त्याला जा, भरतीची तयारी करणारी पोरे धापा टाकत पळताना दिसतील. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला वाटते, घाम निघाला नाही, दुसऱ्या दिवशी अंग दुखले नाही, तर तो व्यायामच नव्हे. भाऊ म्हणाला, "ताई, आळस झटक. घाम काढ, सगळा वात पळतो."

मी आधी मोठ्या बायकांचे ऐकले. चार महिने पडून राहिले. मांड्या बारीक झाल्या, जिना चढताना धाप लागू लागली, झोप उडाली, आणि सांधे काही मोकळे झाले नाहीत. मग औषध लागू पडले, सूज उतरली, आणि मी भावाचे ऐकले.

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे. २०१२ पासून साताऱ्याची हिल मॅरेथॉन त्याच रस्त्याने जाते, त्यामुळे रविवारी पहाटे तिथे चालणाऱ्यांची जत्रा असते. आमच्या महिला मंडळाच्या चौघीजणी निघाल्या, मीही निघाले. कित्येक महिन्यांनी अंग हलके वाटत होते. अर्ध्या घाटात एकजण म्हणाली, दमलीस का, परत फिरायचे का? मी म्हटले, देवाने पाय दिलेत ते चालायलाच ना! वरपर्यंत गेले, उतरतानाही थांबले नाही. त्या दिवशी काहीच झाले नाही. सोमवारी सकाळी मला पांघरूण बाजूला करता येईना. नऊ दिवस अंथरुणात गेले. त्या आठवड्यात वस्तीवर मुलांचे जातीचे दाखले काढायला मला तहसील कचेरीत जायचे होते, ते राहिले. माझ्या एका रविवारच्या हौसेपायी सहा मुलांचे दाखले दोन महिने लांबले.

त्यानंतर मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. मिरज ही दवाखान्यांची पेठ. १८९४ साली वानलेस साहेबांनी इथे मिशनचा दवाखाना उघडला, तेव्हापासून लांबलांबचे आजारी इथे येतात, तशी मीही कोयना एक्सप्रेसने आले. मला वाटले होते, बाई मशीन लावतील. त्यांनी मला एक वही आणायला सांगितली.

त्यांचे पहिले वाक्य मला पटायला फार वेळ लागला. त्या म्हणाल्या, "वाईट दिवस तुम्हाला बिघडवत नाहीत. तुम्हाला बिघडवतो तो चांगला दिवस." बरे वाटले की आपण साठलेली सगळी कामे त्याच दिवशी काढतो, सगळे डोंगर त्याच दिवशी चढतो, आणि मग आठवडाभर ते फेडत बसतो. म्हणून चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचे नाही. आणि वाईट दिवशीही शून्य करायचे नाही.

माझी सुरुवात पाच मिनिटांच्या चालण्याने झाली. पाच! मला लाज वाटायची. सकाळी आखडलेपण असते म्हणून पहाटे नाही, कोमट पाण्याने हात-पाय शेकून झाल्यावर, नऊच्या सुमारास. सपाट रस्ता, चांगल्या तळव्याचे बूट. वहीत लिहायचे : किती चालले, दोन तासांनी कसे वाटले, दुसऱ्या सकाळी आखडलेपण किती वेळ राहिले. व्यायामानंतर दोन तासांनीही सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल, किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली असेल, तर पुढच्या वेळी कमी करायचे. तसे काही नसेल तर आठवड्याने दोन मिनिटे वाढवायची. मी आज सलग अर्धा तास चालते. तिथवर यायला मला पाच महिने लागले.

किती जोरात चालायचे याचीही एक सोपी खूण आहे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाता येऊ नये. उपासना संगीतातले गीत पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत गाता येत असेल तर तुमची चाल फारच रमतगमत आहे. आणि सोबतच्या बाईला होय-नाही म्हणायलाही दम पुरत नसेल तर हळू व्हा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे अशी मध्यम हालचाल करावी, आणि जुना आजार असलेल्यांनीही जमेल तेवढी करावी. हे १५० मिनिटांचे ओझे एकदम डोक्यावर घ्यायचे नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात.

दुसरे म्हणजे ताकद. सांध्याभोवतीचा स्नायू बळकट असला तर सांध्यावरचा भार कमी होतो. त्यासाठी मला खुर्ची दिली. हात न टेकता खुर्चीतून उठायचे आणि सावकाश बसायचे, आधी पाच वेळा, मग दहा. भिंतीला तळहात टेकून पुढे-मागे व्हायचे. मनगट सुजलेले असेल त्या दिवशी तळहात न टेकता कोपरापासूनचा हात टेकवायचा. जो सांधा गरम आहे, लाल आहे, फुगलेला आहे, त्याच्यावर वजन द्यायचे नाही. तो फक्त हळूच हलवायचा, जेवढा आपणहून हलतो तेवढाच, कोणाकडून ओढून घ्यायचा नाही. मालिशवाल्याकडे तर नकोच. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आजकाल गावोगाव योगवर्ग आहेत आणि तिथे आपल्याही बहिणी जातात. या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल होऊ शकतात. म्हणून शीर्षासन, सर्वांगासन, मान जोरात मागे टाकणे, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मानेत दुखून हाताला मुंग्या येत असतील तर व्यायाम थांबवून आधी दाखवा.

तुम्ही म्हणाल, एवढी भीती असेल तर न केलेलेच बरे. माझीही तीच शंका होती. हॉलंडमध्ये यावर मोठा अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. माझ्यासारख्या तीनशेच्या आसपास रुग्णांमध्ये तुलना केली. एका गटाने दोन वर्षे तज्ज्ञांच्या नजरेखाली चांगला दमदार व्यायाम केला, दुसऱ्या गटाने नेहमीचेच उपचार घेतले. व्यायाम करणाऱ्यांची कामे करण्याची शक्ती वाढली आणि एकूण पाहता सांध्यांची झीज त्यामुळे वाढली नाही. ज्यांचे गुडघे-खांद्यांसारखे मोठे सांधे आधीच खूप खराब झाले होते त्यांच्याबाबत मात्र जपून, असे त्यांनी बजावले. याच आजारात हृदयाचा धोका वाढतो, स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात. चालणे आणि ताकदीचा व्यायाम या दोन्हींवर कामी येतात. म्हणजे पडून राहणे हीसुद्धा फुकटची गोष्ट नाही.

इथे आपल्या मंडळीतल्या काही जणांना तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौथा अध्याय आठवत असेल. शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा, सुभक्तीचा उपयोग सर्व गोष्टींत, असा पौलाचा तिथला आशय आहे. धर्मशास्त्राचा डिप्लोमा करताना आमच्या वर्गातला एकजण पहाटेच्या कवायतीला दांडी मारून हेच वचन दाखवायचा. पण थोडा म्हणजे शून्य नव्हे ना! पौल स्वतः गावोगाव पायी हिंडलेला माणूस. माझ्या वाट्याला तो "थोडा उपयोग" आला आणि त्यावर मी वस्तीपर्यंत पोहोचते.

मला या आजारात जास्त आधार दिला तो एलीयाने. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले, आणि मग होरेबाच्या वाटेला लावले. विश्रांती आणि चाल यांचे भांडण तिथे कुठेच दिसत नाही. मी नऊ दिवस अंथरुणात होते तेव्हा हा भाग कितीदा वाचला असेन.

आता वस्तीवर येते.

जावळी तालुक्यात मेढ्याच्या पुढे एका डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांची वस्ती आहे. आपल्या राज्यातल्या ज्या तीन जमातींना सरकार सर्वांत दुर्बल आदिवासी मानते, त्यातली ही एक, दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेकांना स्वतःची जमीन नाही. दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जायचे, पाऊस तोंडावर आला की परत. तिथे एक बाई आहे, माझ्याहून थोडी लहान. नाव सांगत नाही. तिचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझेच हात दिसले. तीच पेरे, तीच दोन्हीकडची सूज, सकाळचे तेच आखडलेपण. मी आनंदाने, होय, आनंदानेच म्हणावे लागेल, कारण मला काहीतरी ठाऊक होते, तिला म्हटले, "बाई, पडून राहू नको. रोज थोडे चाल, हात चालते ठेव. मलाही हाच आजार आहे."

ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "ताई, हात कधी थांबल्यात?"

मला तेव्हा ते वाक्य कळले नाही. मी वहीतले पाच मिनिटांचे चालणे तिला सांगत होते, आणि ती सकाळी पाण्याचे दोन हंडे, मग डोईवर मोळी, आणि भट्टीच्या दिवसांत दिवसभर कच्च्या विटा उचलत होती. व्यायाम म्हणजे आपण ठरवू तेवढा, ठरवू तेव्हा, आणि दुखले की थांबता येईल असा. मजुरी तशी थांबत नाही. मुकादम दोन तासांनी वही बघत नाही. तिला हालचालीची नव्हे, सुजलेल्या मनगटांना विसाव्याची गरज होती, आणि त्याबरोबर औषधाची. मी तिला माझा सल्ला दिला, जो माझ्या पगाराच्या, माझ्या खुर्चीच्या, माझ्या गरम पाण्याच्या घरात खरा होता.

मग ती काम कसे करत होती? तिच्याकडे पुड्या होत्या. बाजाराच्या दिवशी एक माणूस सांधेदुखीची पुडी विकायचा. दहा दिवसांच्या पुड्या, घेतल्या की दुसऱ्या दिवशी बाई उठून कामाला. चेहरा गोल होत चालला होता, पायावर सूज होती. तिला वाटत होते अंग भरतेय.

अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड कुटून घातलेले असते. स्टिरॉइड हे मुळात वाईट औषध नव्हे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पहिल्यांदा एका संधिवाताच्या बाईला कॉर्टिझोनचे इंजेक्शन दिले. जी खाटेवरून उठू शकत नव्हती, ती आठवड्याभरात चालत बाजारात गेली. १९५० मध्ये त्या संशोधनाला नोबेल मिळाले. मग हळूहळू त्याचे दुसरे अंग दिसले : हाडे ठिसूळ, साखर वाढलेली, जंतूंना दार उघडे. म्हणून डॉक्टर ते मोजून, कमीत कमी दिवस देतात. पुडीवाला मोजत नाही.

पण या भाषणाच्या विषयाशी त्याचा संबंध वेगळाच आहे. पुडीने तिचे दुखणे गप्प केले, आजार नाही. आतून सांधा जळत होता आणि वरून ती विटा उचलत होती. मिरजेत आपले रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे, तिथे ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना हे चटकन कळेल. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पॉल ब्रँड आयुष्यभर हेच सांगत राहिले की वेदना ही देणगी आहे. कुष्ठरोगात बोटे खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे त्यांना दुखत नाही. चटका बसला, काटा घुसला, तरी हात तसाच चालू राहतो. या बाईचे तेच झाले होते. फक्त तिच्या वेदनेची वाचा आजाराने नव्हे, पुडीने घेतली होती. व्यायाम करणाऱ्यालाही म्हणूनच माझे सांगणे असते, की दुखणे मारायची गोळी खाऊन फिरायला जाऊ नका. दोन तासांची खूण मग खोटी ठरते.

आणि आता माझी चूक. मी तिच्या हातातून पुड्या घेतल्या आणि ओढ्यात फेकल्या. मला फार मोठे काम केल्यासारखे वाटले. परत येताना मी प्रार्थनाही केली, धन्यवादाची. चौथ्या दिवशी वस्तीवरून फोन आला. बाईला सारख्या उलट्या, उभी राहिली की चक्कर, बोलणे अडखळत होते. कित्येक महिने बाहेरून स्टिरॉइड मिळत असले की शरीर स्वतःचे बनवायचे थांबवते. ते एकाएकी बंद केले तर रक्तदाब खाली जातो, माणूस दगावूही शकतो. हे मला ठाऊक असायला हवे होते. मी स्वतः रुग्ण आहे, माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेही होते, पण मी ते माझ्या गोळ्यांपुरते ऐकले होते. वस्तीतल्या पोरांनी तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले. दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शन मिळाले, ती वाचली. डॉक्टर मला म्हणाले, एक रात्र उशीर झाला असता तर सांगता येत नव्हते. म्हणून हात जोडून सांगते : कोणी अशा पुड्या खात असेल तर ओरडू नका, फेकू नका. त्या पुडीसकट माणसाला डॉक्टरांकडे न्या. ते हळूहळू कमी करतात.

ती घरी आल्यावर मी तिच्यापुढे जाऊन बसले आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी तर चांगल्यासाठीच केलंत." त्याने मला जास्त लागले.

मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या दिवसाचा हिशेब मांडला. पाणी सोडता येणार नव्हते. पण मोठा हंडा बोटांनी उचलण्याऐवजी लहान कळशी, ती कमरेवर आणि हाताच्या घडीत धरून, दोनऐवजी चार खेपा. मोळी डोईवर नको, कारण मान. पोरगा दुसऱ्या टोकाला धरून दोघांनी न्यायची. कपडे पिळण्याऐवजी दगडावर टाकून निथळू द्यायचे. जळणाची काटकी बोटांनी मोडायची नाही. कामाच्या मध्ये बसायचे, ते दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी. आणि व्यायाम? व्यायाम म्हणून तिला एवढेच सांगितले : संध्याकाळी चुलीवरच्या कोमट पाण्यात हात बुडवून बोटे दहा वेळा उघडायची आणि हळू मिटायची. ते ती करते. तिची धाकटी मुलगी समोर बसून आकडे मोजते, त्या निमित्ताने पोरीला वीसपर्यंत येऊ लागले आहे.

भट्टी मात्र सुटली नाही. पहिल्या वर्षी ती गेलीच, उचल घेतली होती. तिथे सहा महिने रक्त तपासणे झाले नाही, गोळ्या संपल्या, परत आली तेव्हा उजवे मनगट पुरते वळत नव्हते. ते आता तसेच राहणार. गेल्या दिवाळीला आपल्या वर्गणीतून उचलीची रक्कम फेडली आणि तिला वस्तीवरच बालवाडीच्या खाऊचे काम दिले. मोठी रक्कम नव्हती. आपण ज्याला सेवा म्हणतो त्यात कधीकधी एवढेच असते, की एका बाईला विटा उचलाव्या लागू नयेत.

सांगलीकडे पारधी पालांवरही अशा दोन बाया भेटल्या आहेत. त्यांच्याबद्दल आज बोलत नाही, अजून निदान पक्के नाही.

इथे बसलेल्यांत वेगळ्या ऑटोइम्यून आजारांच्याही बहिणी असतील. सगळ्यांना माझे नियम लावू नका. ल्युपस असेल त्यांना ऊन बाधते, उन्हाने आजार उसळू शकतो, तेव्हा चालणे ऊन्हे चढण्याआधी किंवा दिवस मावळल्यावर, लांब बाह्या घालून. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापले की नजर धूसर होते, पाय जड होतात, तिथे गारव्यात आणि तुकड्यातुकड्यांनी. लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर बघावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. पाठीचा कणा आखडणारा जो आजार तरुण मुलांना होतो, त्यात तर विश्रांतीने दुखणे वाढते आणि हालचालीने कमी होते, तिथे व्यायाम हे जवळजवळ औषधच. आणि कोणताही आजार असो, ताप आहे, छातीत दुखते आहे, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागते आहे, तर त्या दिवशी बूट काढून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

आता मावशींचा प्रश्न. मावशी, डोंगर चढताना माझा गुडघा वाकतो आणि सरळ होतो, त्याच्याभोवतीचे स्नायू भार उचलतात. आणि तो डोंगरही मी दोनदा बसून चढते, काठी घेऊन. गुडघे टेकले की सगळे वजन वाटीवर आणि सुजलेल्या अस्तरावर येते, आणि दहा मिनिटे तसेच राहते. मग उठताना मी मनगटावर जोर देते, तेही जाते. पहिली दोन वर्षे मी लाजेने गुडघे टेकत होते. रविवारची उपासना आणि सोमवारची सूज, हे माझ्या वहीत इतक्यांदा आले की फिजिओथेरपिस्ट बाईंनीच विचारले, "रविवारी तुम्ही करता काय?" मी म्हटले, प्रार्थना. त्या ख्रिस्ती नाहीत, जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या देवाला खुर्ची चालत नाही का?"

चालते. अमालेक्यांशी लढाई झाली तेव्हा मोशेचे हात जड झाले. कोणी त्याला विश्वासात कमी म्हटले नाही. धोंडा आणून त्यावर बसवले, आणि अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी हात धरले. प्रार्थना बसूनच झाली.

पाळकसाहेबांनी आता मागच्या ओळीत हाताचे टेकण असलेल्या चार खुर्च्या ठेवल्या आहेत. त्याबद्दल आभार. पहिल्या रविवारी तिथे मी एकटीच होते. परवा चारही भरलेल्या होत्या आणि एकजण उभ्या होत्या, तेव्हा आणखी दोन लागतील असे दिसते.

शेवटी एक काम. वस्तीवरच्या त्या बाईची पुढची रक्ततपासणी पंधरा दिवसांनी आहे. मेढ्याहून सकाळची एसटी धरून साताऱ्याला यावे लागते, खिडकीपुढच्या रांगेत ती एकटी गोंधळते, आणि त्या दिवशी मला सांगलीला पालांवर जायचे आहे. सोबत जायला कोणी बहीण मोकळी असेल तर चहाच्या वेळी मला भेटावे. भाड्याचे पैसे माझ्याकडे आहेत.